जिवंत माणसांचं कपाट

हॅदरशॉ, १४ सप्टेंबर

क्लाइव्हसाहेब,

हातानं लिहिलेलं पत्र बघून नाक मुरडू नकोस. ईमेल मी करत नाही, तो वाटेत कोण कोण वाचतं कोण जाणे, आणि फोन तू उचलत नाहीस. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं आपण जे काही बोललो ते वकिलांच्या तोंडून. आजही तुझ्या वकिलाचंच पाकीट आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. म्हटलं, एवढा महाग कागद वापरलाय म्हणजे बातमी वाईटच असणार.

तर तू ‘मर्क्युरी’मधला तुझा हिस्सा विकतोयस. साठ टक्के तुझे, चाळीस माझे, तेव्हा तू विकलंस म्हणजे पेपरच विकला. पणजोबांनी एका गिरणीच्या तळघरात सुरू केलेला, आजोबांनी दोन महायुद्धांत एक दिवस न चुकवता काढलेला पेपर तू गर्न्सी बेटावर उन्हात बसून विकणार, आणि मला कळवणार तुझा वकील. बरं. बाबांनी तुला मोठा हिस्सा दिला आणि मला उरलेला हिस्सा आणि नोकरी, तेव्हाच मी समजून घ्यायला हवं होतं.

पण गिऱ्हाईक कोण, ते नीट सांग. पत्रात लिहिलंय, ल्युक्झेंबर्गची कुठली तरी गुंतवणूक कंपनी, आणि तिच्यात म्हणे निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचा पैसा आहे. क्लाइव्ह, निवृत्त मास्तरांना यॉर्कशरमधला तोट्यातला पेपर कशाला हवा? इथे पावसाच्या आणि रग्बीच्या बातम्या छापतो आम्ही. आणखी एक गोष्ट छापतो, ती तुला ठाऊक आहे. नदीकाठच्या कारखान्यात पाण्याचा मारा करणाऱ्या गाड्या बनतात, त्या कुठल्या देशात जातात आणि तिथे कुणावर मारा करतात, यावर आमची एक तरुण बातमीदार दोन वर्षं लिहितेय. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुझं टपाल कोण उघडतं मला माहीत नाही. ‘तिकडचे’ म्हणते, तू समजून घे.

मला वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. आणि तुला ठाऊक आहे, मला वाटतं तेव्हा ते बहुधा मुरत असतंच.

त्यांचा कुणी प्रीडी नावाचा माणूस बघायला येणार आहे. संपादक डेस्मंड सग्डेननं स्वागताला नवे कप आणलेत. अठरा वर्षं फुटक्या कपातून चहा पितोय आम्ही.

हेस्टर


हॅदरशॉ, २९ सप्टेंबर

क्लाइव्ह,

‘साहेब’ काढून टाकलंय. वाचताना तुझं लक्ष माझ्या टोमण्यांकडे जाऊ नये म्हणून.

प्रीडी येऊन गेला. ॲलिस्टर प्रीडी. माणूस आपल्याच देशातला, शाळा बड्या घरच्या मुलांची, बोलणं लोण्यात बुडवलेलं. तुझं नाव निघालं तेव्हा म्हणाला, “तुमचे बंधू फार मनमोकळे आहेत.” तेव्हाच मला कळलं, की हा खोटं बोलतो.

डेस्मंडनं त्याला सगळं फिरवून दाखवलं. छापखाना, जाहिरात विभाग, वाचकांच्या तक्रारी घेणारी आपली ती मॉड. तो मान डोलवत होता. पेपर खपतो किती, हे त्यानं विचारलं नाही. कागद कुठून येतो, विचारलं नाही. छत गळतं तिथे तर बादली ठेवलेली होती, तिच्याकडे बघून पुढे गेला. क्लाइव्ह, घर घ्यायला आलेला माणूस गळक्या छताकडे बघत नसेल, तर त्याला त्या घरात राहायचं नसतं.

मग माझ्या खोलीत आला. तुला माझं कपाट आठवतं ना? हिरवं, लोखंडी. जिवंत माणसांचे मृत्युलेख त्यात तयार ठेवलेत. बाबा त्याला ‘थांबलेली मंडळी’ म्हणायचे. बाहेरचं कुणीही आलं की त्या कपाटासमोर एकच गंमत करतं, “माझा आहे का हो त्यात?” नगराध्यक्षानं केली, बिशपनं केली, गॅसवाल्यानंही केली. चाळीस वर्षांत त्याला एकही अपवाद नाही.

प्रीडीनं ती गंमत केली नाही. खुर्चीवर बसला, पँटची इस्त्री सारखी केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “परदेशी नेत्यांचेही ठेवता? तिकडच्या राष्ट्राध्यक्षांचा आहे का?”

ल्युक्झेंबर्गच्या मास्तरांना तिकडच्या म्हाताऱ्याच्या मरणाची काय पडलीय?

मी म्हटलं, “आहे की. वाचता का? तुम्हाला परदेशातलं बरंच ठाऊक दिसतंय, चुकलंबिकलं असेल तर सांगा.” आणि त्याला आत बसवून चहाच्या निमित्तानं बाहेर गेले. मॉडच्या टेबलावर एक नवी प्रत काढली आणि तिच्यात एक चूक घातली.

हे तुला सांगायला नको. बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलंय, तू दहा वर्षांचा होतास तेव्हा. प्रश्न विचारलास तर माणूस सावध होतो. चूक दाखवलीस तर त्याच्यानं राहवत नाही. म्हणून मेलेल्याच्या घरी कच्चा मजकूर वाचायला द्यायचा तो एखादी बारीकशी चूक ठेवूनच. विधवा डोळे पुसते आणि म्हणते, “अहो, ते पोर तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या बायकोपासूनचं.” आणि मग सगळं घर बोलायला लागतं.

तिकडच्या सरकारनं गेल्या वसंतात जाहीर केलं होतं, की राष्ट्राध्यक्ष घोड्यावरून पडले आणि त्यांचा उजवा पाय मोडला. जगभर तेच छापून आलं. मी उजव्याचा डावा केला. बस, एवढंच.

प्रीडी खिशातून पेन काढून वाचत होता. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर थांबला.

“हा डावा नाही. उजवा,” तो म्हणाला. “आणि पाय नाही, खुबा. आणि घोडाबिडा काही नाही, न्हाणीघरात घसरले ते. बिचारे दोन तास तिथेच…”

पेनाचं टोपण लावलं. ते काढलं. परत लावलं.

“असं कुठेतरी वाचलं होतं,” म्हणाला.

“कुठे हो?” मी विचारलं. “म्हणजे आम्हालाही वाचता येईल.”

“आठवत नाही.” चहा तसाच टाकून उठला. नव्या कपातला.

दुसऱ्या दिवशी मी लंडनला फोन केले. परदेशाच्या बातम्या करणारे जेवढे जुने लोक ओळखीचे आहेत, सगळ्यांना. न्हाणीघर कुणी ऐकलेलं नाही. घोडा सगळ्यांनी ऐकलाय. म्हातारा न्हाणीघरात दोन तास पडून होता हे ज्याला ठाऊक, तो त्या वाड्यात ऊठबस करणाऱ्यांपैकी आहे, किंवा त्यांचा पगारी आहे.

आता तू मला सांग. हा माणूस कुणाचा? आणि तुला हे ठाऊक आहे का? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हो किंवा नाही, एवढंच लिही.

हेस्टर


हॅदरशॉ, १० ऑक्टोबर

क्लाइव्ह,

उत्तर आलं. तुझं नाही, वकिलाचं. “आमच्या अशिलांच्या माहितीप्रमाणे खरेदीदार ही ल्युक्झेंबर्ग येथे रीतसर नोंदलेली कंपनी आहे.” हो किंवा नाही विचारलं होतं. रीतसर काय आहे ते विचारलं नव्हतं.

आणि आज हे बघितलं. म्हाताऱ्याच्या लेखाची एक प्रत कागदावर माझ्या कपाटात असते, एक संगणकात. कपाटातल्या प्रतीत तिसऱ्या पानावर वाक्य आहे: “राजधानीच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर ज्या गाड्यांनी पाण्याचा मारा केला आणि ज्यांच्या चाकांखाली नऊजण मेले, त्या गाड्या हॅदरशॉमध्ये बनल्या होत्या.” संगणकातल्या प्रतीत ते वाक्य नाही. आधीच्या परिच्छेदाचं टोक आणि पुढच्या परिच्छेदाचं टोक असं जुळवलंय, की शिवण दिसू नये.

अजून कागदांवर सह्या झाल्या नाहीत आणि हात आत पोचला. कुणाला सांगितलंस तू? तुझ्याशिवाय या पेपरात कुणाच्या ओळखी आहेत त्या लोकांशी?

बाबा म्हणायचे, क्लाइव्ह आळशी आहे पण कपटी नाही. मी त्यांना कधी उलटं बोलले नाही.

हे.


हॅदरशॉ, ६ नोव्हेंबर

क्लाइव्ह,

एक शब्द मागे घ्यायचाय आणि एक गोष्ट सांगायचीय. दोन्ही मला जड जातंय, तेव्हा मधेमधे वाकडं बोलले तर चालवून घे.

ते वाक्य तू काढायला लावलं नव्हतंस. डेस्मंडनं काढलं.

मी त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि दोन्ही प्रती समोर ठेवल्या. मला वाटलं होतं, आढेवेढे घेईल. लगेच म्हणाला, “मीच काढलं.”

“कुणी सांगितलं?” मी विचारलं. “प्रीडीनं?”

“नाही.”

“क्लाइव्हनं?”

“क्लाइव्हचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नाही, हेस्टरबाई. कुणीच सांगितलं नाही. मलाच वाटलं, बरं दिसेल.”

“कुणाला बरं दिसेल?”

“ते लोक येतील, वाचतील. एका वाक्यानं काय बिघडतं? म्हातारा मेलाही नाही अजून.” मग मान वर करून म्हणाला, “सदतीस माणसं आहेत इथे. तुम्हाला पेन्शन आहे. मॉडच्या नवऱ्याला उठवून बसवावं लागतं. विक्री फिसकटली तर ख्रिसमसच्या आधी कुलूप लागेल. मग कुठल्या पेपरात छापणार तुम्ही ते वाक्य?”

मला राग यायला हवा होता. आलाही. पण डेस्मंड काही वाईट माणूस नाही, त्यानं चांगल्या बातम्यांसाठी दोनदा कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात. माझ्या डोक्यात बसलं ते एवढंच, की त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तुझा हात शोधत होते, प्रीडीचा शोधत होते, आणि कात्री आमच्याच घरातली निघाली. तुझ्यावर घेतलेला तेवढा आळ मागे घेते. तेवढाच.

आता दुसरं. मी लंडनला वर्तमानपत्रांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याकडे लिहिलंय. तुला वकिलाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. परक्या सरकारच्या हाती इथलं वर्तमानपत्र जाऊ नये म्हणून कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या कायद्यात नवं प्रकरण घातलंय, ते तुझ्या वकिलानं तुला वाचून दाखवलं असेलच. मंत्र्यांना संशयाला जागा वाटली, की ते स्पर्धा-नियामकांना चौकशी करायला लावतात. त्यांना जागा वाटली.

काल नियामकांकडून एक बाई आल्या. नसरीन दुर्रानी. मला वाटलं लंडनची कुणी नाकानं कांदे सोलणारी असेल. निघाली ब्रॅडफर्डची, बोलणं अगदी आपलं. शेकोटीच्या सणासाठी पार्किन केलं होतं, त्या आल्याच्या केकचा तुकडा दिला तर म्हणाली, “माझी शेजारीण याच्यात आलं जास्त घालते.” मी लगेच सावध झाले. जी माणसं खाण्यापासून सुरुवात करतात, त्यांना काहीतरी काढून घ्यायचं असतं. पण तिनं उगाच साखर पेरली नाही, सरळ वही उघडली.

मी खुबा सांगितला, न्हाणीघर सांगितलं. तिनं ते दोनदा लिहून घेतलं. मग विचारलं, “तुम्हाला कुणी काही बदलायला सांगितलं?”

“नाही.”

“संपादकांना?”

मी डेस्मंडचं सांगितलं. त्यालाही बोलावलं, त्यानं स्वतः सांगितलं. मग मी म्हटलं, “आता झालं. कुणी काही सांगितलंच नाही म्हटल्यावर तुमचा कायदा हात हलवत परत जाणार.”

“नाही हो बाई,” ती म्हणाली. “सांगितलं का, हे आम्ही विचारतच नाही. मालकी आल्यावर सांगता येईल का, एवढंच बघतो. आणि सांगावंसुद्धा लागत नाही, ते तर तुमच्या संपादकांनीच दाखवलं.”

डेस्मंड खाली बघत होता.

“मग अटीबिटी घालाल?” त्यानं विचारलं. “संपादकाला हात लावायचा नाही, असं लिहून घ्याल?”

“दुसऱ्या खरेदीत घालतात. इथे तसं नाही. पैसा परक्या सत्तेचा निघाला आणि तिला पेपरवर वजन टाकता येतंय असं दिसलं, की मंत्र्यांना ‘नाही’शिवाय दुसरा शब्द ठेवलेला नाही. पैसा कुणाचा आहे, तेवढं शोधायचं.”

जाताना दारात थांबली. “तुमच्या भावाला ठाऊक होतं का?”

क्लाइव्ह, मी म्हटलं, “मला माहीत नाही.” खरंच माहीत नाही. ती म्हणाली, “असू दे. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, यानं कायद्याला फरक पडत नाही.”

मला पडतो. पेपर जाईल की राहील हे आता लंडनमध्ये ठरेल. पण तू डोळे उघडे ठेवून त्यांच्या हातात दिलास, की तुलाही कुणी शेंडी लावली, हे मला कळल्याशिवाय धड झोपही येत नाही आणि धड तुला शिव्याही देता येत नाहीत.

हेस्टर


हॅदरशॉ, २३ जानेवारी

क्लाइव्ह,

निकाल लागला, तुला कळलाच असेल. ल्युक्झेंबर्गच्या मागे एक कंपनी, तिच्या मागे एक, आणि सगळ्यात मागे तिकडचा अर्थमंत्री. म्हाताऱ्याचा जावई. त्यात मास्तर एकही नव्हता. विक्री थांबवायचा हुकूम निघाला आणि प्रीडीचा फोन बंद झाला.

इथे कुणी नाचलं नाही. डेस्मंडनं पहिल्या पानावर बातमी घेतली, सरळ, न लाजता, आणि त्यातच आपण काय काढलं होतं तेही लिहिलं. मी ते वाक्य संगणकात परत घातलं. मॉड मला म्हणाली, “बरं झालं हो, पण आता आमचं काय?” तेव्हापासून ती माझ्या टेबलावर चहा आणून ठेवते पण थांबत नाही.

आता मॉरिस हेप्टन तुझा हिस्सा घ्यायला बघतोय. तोच, डुकराचं मांस भरून भाजलेले ‘पोर्क पाय’ विकणारा, बाजारात दोन दुकानं आणि मोठी बेकरी असलेला. येऊन छताकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, खप विचारला. कपाटाशी येऊन “माझा आहे का?” असंही विचारलं. मला जरा हायसं वाटलं. मग जाता जाता म्हणाला, “खाण्याच्या दुकानांच्या स्वच्छतेचा नगरपालिकेचा अहवाल तुम्ही दरवर्षी छापता ना, तो छापायलाच हवा का?” बघ. बेकरीवाल्याला परकी सत्ता म्हणता येत नाही, त्याच्यासाठी कायदा नाही. त्याच्यावर मलाच नजर ठेवावी लागणार. तू त्याला विकलंस तर मी आडवी येणार नाही, पण अहवाल छापला जाईल.

तू अजून काहीच लिहिलं नाहीस. वकील लिहितो.

म्हणून सोबत एक कागद पाठवतेय. तुझा मृत्युलेख. दचकू नकोस. वयाची साठी ओलांडलेल्या आणि गावात नाव असलेल्या प्रत्येकाचा आहे, माझासुद्धा मीच लिहिलाय आणि तो फार चांगला आहे. तुझा जुना होता, तो मी परवा नव्यानं लिहिला. छोटाच आहे.

“क्लाइव्ह ओल्डरॉइड, ‘हॅदरशॉ मर्क्युरी’च्या संस्थापकांचे पणतू, यांचे गर्न्सी येथे निधन झाले. तरुणपणी ते गिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी छापखान्यात पुन्हा पाऊल ठेवले नाही. उतारवयात त्यांनी पेपरमधील आपला हिस्सा विकायला काढला. खरेदीदाराच्या मागे कोणते सरकार आहे, हे त्यांना ठाऊक होते. सरकारी हुकुमाने ती विक्री रद्द झाली. त्यांच्या पश्चात कोणी नाही.”

वाच. काही चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठव. पेन्सिल चालेल.

हेस्टर


हॅदरशॉ, १७ फेब्रुवारी

क्लाइव्ह,

कागद मिळाला. पाकिटावर तुझं अक्षर होतं. वकिलाचं नव्हे, तुझं, तो उलटा कललेला ‘ह’. मी दोन दिवस तसंच ठेवलं. मला वाटलं, आत शिव्या असतील, किंवा काहीच नसेल. तिसऱ्या दिवशी मॉडला म्हटलं, “थांब जरा इथे,” आणि ती थांबली, आणि मी फोडलं.

‘कॉर्नेट’ खोडून तू ‘ट्रॉम्बोन’ लिहिलंस. अर्थातच ट्रॉम्बोन. तो घरात वाजायला लागला की आई मांजराला घेऊन परसात जायची. ती चूक मी ठेवलेली होती आणि तुला ते ठाऊक होतं. ती खोडलीस म्हणजे शब्द न् शब्द वाचलास, पेन्सिल हातात घेऊन वाचलास. बाबांनी शिकवलेलं विसरला नाहीस.

मग मी ते दुसरं वाक्य बघितलं. “हे त्यांना ठाऊक होते.” खोडलेलं नाही. एकदा चष्म्यातून बघितलं, एकदा खिडकीशी नेऊन बघितलं. ‘ठाऊक’च्या खाली पेन्सिलीचा एक ठिपका आहे. तिथे हात टेकलास, थांबलास आणि पुढे गेलास.

मला माहीत होतं असं म्हणणार नाही. संशय होता. संशय खरा निघाला की मला एरवी बरं वाटतं, तुला तर माझा स्वभाव ठाऊकच आहे. या वेळी वाटलं नाही. खुर्चीत बसून रडले, मॉडच्या देखत. फार वाईट वाटलं, क्लाइव्ह. तू त्या लोकांशी बोलणी केलीस, त्यांचा म्हातारा काय करतो ते तुला ठाऊक होतं, त्या गाड्या आपल्या नदीकाठी बनतात तेही ठाऊक होतं, आणि तरी तू बाबांचा पेपर त्यांच्यापुढे सरकवलास. का, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारणारही होते, पण तू सबब लिहिली असतीस तर मी ती तपासत बसले असते. एक मात्र आहे. त्या ठिपक्याच्या जागी एक रेघ ओढली असतीस तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. तू ओढली नाहीस.

दुर्रानीबाईंचा परवा फोन आला होता, कागदपत्रं परत पाठवण्याबद्दल. त्यांनी तुझं पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ते वाक्य राहील. तू गेल्यावर ते तसंच छापून येईल, कोणी काहीही म्हणो. मी आधी गेले तर डेस्मंडला सांगून ठेवलंय. त्यानं मान हलवली, आणि आता त्यानं मान हलवली की मी विश्वास ठेवते, थोडासा.

राहिलं शेवटचं वाक्य. तिथे मी चूक ठेवली नव्हती. माझ्या मते ते खरंच होतं. तुझी बायको गेली, मूलबाळ नाही, म्हणून सरळ लिहिलं होतं: “त्यांच्या पश्चात कोणी नाही.” तिथे तुझी पेन्सिल एवढी दाबली गेलीय, की कागद फाटलाय. ‘कोणी नाही’ खोडून तू लिहिलंस, ‘एक बहीण आहे.’

दुरुस्ती स्वीकारली आहे. मॉडकडून स्वच्छ टाइप करून घेतलं, दोन्ही प्रती सारख्या केल्या.

हेप्टनबरोबर कागद करायला तुला मार्चमध्ये इथे यावंच लागेल, सह्या इथल्या वकिलाच्या समोर करायच्या आहेत. उतरायला हॉटेल शोधू नकोस. पाठीमागची खोली रिकामी आहे, फक्त खिडकी नीट लागत नाही. ट्रॉम्बोन आणलास तर बाहेर झोपावं लागेल.

लेख कपाटात ठेवलाय. छापायची काही घाई नाही.

हेस्टर